मे महिन्यातला आकडा

पाण्याची आणि स्वच्छतेची देशभर एकच नोंद असावी आणि ती कुणालाही पाहता यावी, याला आता कुणाचा विरोध नाही. तशी नोंद आपल्याकडे आहेही. जल जीवन मिशनच्या डॅशबोर्डवर गावाचे नाव शोधले की तिथल्या किती घरांना नळ आहे ते मोबाइलवर दिसते. वाद आहे तो या आकड्यावर किती विसंबावे याचा. पुढच्या संवादातली दोन माणसे मी उभी केली आहेत, पण त्यांची मते माझ्या पदरची नाहीत. कुठल्याही जिल्हा परिषदेत पाणीपुरवठा विभागाबाहेरच्या बाकावर तासभर बसलात तर ती दोन्ही कानावर पडतात. एक आहेत निवृत्त कार्यकारी अभियंता. त्यांना सगळे साहेबच म्हणतात. दुसऱ्या ताई, गावोगावच्या पाणी समित्यांना आणि जलसुरक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या. दोघांची ओळख जुनी आणि भांडणही जुनेच.

साहेब : ताई, तुम्ही डॅशबोर्डला नावं ठेवता, पण तो नव्हता तेव्हाचे दिवस आठवा. १५ ऑगस्ट २०१९ ला मिशन जाहीर झालं तेव्हा देशातल्या ग्रामीण भागात सव्वातीन कोटी घरांना नळ होता. शंभरातली सतरा घरं. आज तो आकडा पंधरा कोटींच्या पुढे गेलाय. हे काय नुसत्या पैशानं झालं? रोज सकाळी जिल्ह्याचा आकडा पडद्यावर येतो, शेजारचा जिल्हा पुढं गेलेला दिसतो, व्हीसीत नाव घेऊन विचारलं जातं. आमच्या उमेदीत मार्चएंडला एक तक्ता टाइप करून मुंबईला धाडायचा. तो तिथं फायलीत झोपायचा आणि आम्ही इथं.

ताई : पंधरा कोटी म्हणजे काय, साहेब? नळ. आणि मिशनच्या कागदावर काय लिहिलंय? माणशी रोज ५५ लिटर, प्रमाणकात बसणारं शुद्ध, आणि नियमित. तीन अटी आहेत. तुम्ही सांगताय तो आकडा तोटीचा आहे, पाण्याचा नाही. २०२२ मध्ये सरकारनंच सुमारे तीन लाख घरांची पाहणी करून घेतली. तिन्ही अटींत बसणारी घरं निघाली ६२ टक्के.

साहेब : मग ते ६२ टक्के तुम्हाला कुणी सांगितले? पाहणी सरकारची, अहवाल सरकारचा. मोजमाप आहे म्हणून तर मोजमापातली खोट सापडते. मिशनच्या आधीच्या राष्ट्रीय ग्रामीण पेयजल कार्यक्रमाचं काय झालं ते बघा. २०१२ ते १७ मध्ये ८१ हजार कोटी खर्च झाले. २०१७ पर्यंत ३५ टक्के घरांत नळ द्यायचा होता, गाडी सतरावर अडली. कॅगनं २०१८ च्या अहवालात हे मांडलं, पण तोवर पाच वर्षं आणि पैसे दोन्ही गेले होते. तेव्हा गावाचं पान सगळ्यांना उघडं असतं तर दुसऱ्याच वर्षी कुणीतरी बोंब मारली असती.

ताई : बोंब तेव्हाही मारत होते. ऐकत नव्हते, एवढंच.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. त्याही आधी हिशेब घराचा नव्हताच, वाडीचा होता. अडीचशे माणसांमागे एक हातपंप, तोही सपाटीवर १.६ किलोमीटरच्या आत, आणि माणशी ४० लिटर. इतके झाले की वाडीवर खूण. हातपंप पुढच्या उन्हाळ्यात कोरडा पडला तरी खूण तशीच. त्या तुलनेत घरागणिक नळाची नोंद ही फार मोठी मजल आहे, आणि ताईही हे नाकारत नाहीत. त्यांचा मुद्दा वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तो पाण्यापेक्षा शौचालयाच्या हिशेबात लवकर दिसतो.

ताई : आता संडासाचं घ्या. २०११ च्या जनगणनेत ग्रामीण भागातल्या ३०.७ टक्के घरांत शौचालय होतं. त्याच सुमाराला खात्याच्या कागदावर त्याच्या दुपटीहून जास्त होतं! मधली कोट्यवधी शौचालयं गेली कुठं? काही बांधलीच नव्हती, काही पडली, काहींत गोवऱ्या रचल्या होत्या. ते आकडे भरणारी माणसं वाईट होती असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या कामाची परीक्षा, त्याच्याच हातात गुणपत्रिका दिली की दुसरं काय होणार?

साहेब : म्हणून स्वच्छ भारतमध्ये फोटो आला. बारा हजार रुपये हवेत तर लाभार्थी शौचालयासमोर उभा राहील, फोटोबरोबर जागेची नोंद होईल, तेव्हा बिल निघेल.

ताई : फोटोत शौचालय दिसतं. वापरणारा दिसत नाही. गुड मॉर्निंग पथकं पहाटे शिट्ट्या मारत हिंडली ते तुम्हीही पाहिलंय. गाव हागणदारीमुक्त जाहीर झालं की पथक बंद, आणि ओढ्याकाठची वर्दळ पुन्हा सुरू. शिवाय यादीचा घोळ. २०१२ ची पायाभूत पाहणी झाली, त्यात नाव असलेल्या घरांचं उद्दिष्ट धरलं. नाव नाही ते घर हिशेबातच नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, वीटभट्टीवरची, गावाबाहेरच्या पालातली. पुढं सुटलेल्या कुटुंबांसाठी वेगळी यादी करावी लागली, ती कशामुळे? शंभर टक्के म्हणताना आधी विचारावं, कशाच्या शंभर.

साहेब : हे मात्र खरं. छेद चुकला की टक्केवारीला अर्थ नाही.

ताई : आणि २०१८ चं घ्या. खात्याचा आकडा नव्वदीच्या पुढं होता. त्याच वर्षी जुलै ते डिसेंबरमध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी झाली, तिथं ग्रामीण घरांचा आकडा आला ७१.३.

साहेब : अर्धीच गोष्ट सांगू नका. त्या पाहणीत सरकारी योजनेचा लाभ मिळाला का, हा प्रश्न आधी विचारला होता आणि शौचालय आहे का, हा नंतर. त्यामुळे लोकांनी हात राखून उत्तरं दिली असतील, असं त्या अहवालातच लिहिलंय. आपल्या माणसाला वाटतं, आहे म्हटलं तर पुढचं मिळायचं राहील.

ताई : मान्य. पण मग २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली १९ टक्के घरं कुठलंच शौचालय वापरत नाहीत असं निघालं, तेव्हा देश हागणदारीमुक्त जाहीर झालेला होता. तिथं कुणी हात राखला?

साहेब यावर थोडे गप्प बसले असते, असे मला वाटते. पण ते अभियंता आहेत. एका मापात खोट निघाली तर ते दुसरे माप मागवतात.

साहेब : ताई, आपल्या दोघांची सगळी उदाहरणं बघा. जनगणना, नमुना पाहणी, कुटुंब आरोग्य पाहणी, कॅग. सगळ्या देशपातळीवरच्या यंत्रणा. खात्याचा आकडा कुणी खोडला? गावानं नाही, दुसऱ्या राष्ट्रीय मोजणीनं. म्हणजे उपाय मोजणी कमी करण्यात नाही. दोन-तीन स्वतंत्र मोजण्या हव्यात आणि सगळ्यांत व्याख्या एक हवी. प्रत्येक गाव आपापल्या परीनं मोजायला लागलं तर एका गावात पाणी म्हणजे नळ, दुसऱ्यात विहीर, तिसऱ्यात टँकर. बेरीज कशाची करायची?

ताई : बेरीज करा ना. पण बेरजेसाठी आकडा वर जातो, तसा तो खाली परत का येत नाही? मी तुम्हाला बाटलीचं सांगते. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं किट देतात. त्यात एक छोटी बाटली असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेला ठेवून द्यायची. बाई ती चुलीपासच्या फडताळात फडक्यात गुंडाळून ठेवते. दुसऱ्या दिवशी, नाहीतर तिसऱ्या, पाणी काळं पडलं की समजायचं, जंतू आहेत. ती मोबाइलवर नोंद करते. मग?

साहेब : मग ग्रामपंचायतीनं शुद्धीकरण करायचं, नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा.

ताई : करायचं, बरोबर. पंचायतीत टीसीएल पावडरचं पोतं गेल्या पावसाळ्यातलं, तोंड उघडं. वीस टक्क्यांखाली क्लोरीन राहिलं की ती पावडर टाकून द्यायची असते, पण टाकून कोण देतो? दोन मुठी जास्त घालतात. आणि दूषित पाणी येतं कुठून ते बाईला माहीत असतं. तिच्या दारापासून वीस पावलांवर व्हॉल्व्हचा खड्डा आहे, त्यात गटाराचं पाणी साचलेलं. पाणी दिवसाआड एक तास येतं. ते बंद झालं की रिकामा पाइप त्या खड्ड्यातलं आत ओढतो. चोवीस तास भरलेल्या पाइपात बाहेरची घाण सहसा शिरत नाही. कधीमधी भरणाऱ्या पाइपात ती रोज शिरते. हे तुम्हीच मला शिकवलंत. पण मोबाइलवर खड्ड्याचा रकाना नाही. तिथं फक्त दूषित किंवा अदूषित. त्या बाईनं पुढच्या वेळी बाटली भरावी कशाला?

साहेब : आपल्या राज्यात ती कार्डं आहेत की.

ताई : आहेत, आणि मला ती आवडतात. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. विहिरीला कठडा आहे का, सभोवार उकिरडा आहे का, गळती कुठं आहे, पावडर आहे का, हे पाहून पंचायतीला लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं. सलग काही वर्षं काम चांगलं राहिलं तर चंदेरी. लाल कार्ड आलं की सरपंचाला भर चौकात विचारतात. ते कार्ड गावासाठी असतं, दिल्लीसाठी नाही.

साहेब : ताई, ते कार्डही शासन निर्णयानंच आलं. गावकऱ्यांना स्वप्न पडलं नव्हतं.

दोघे इथे हसले असते. लाल कार्ड कागदी आहे, त्याला सेन्सर नाही की सर्व्हर नाही. ते चालते कारण दोष कुठे आहे हे त्यात लिहिलेले असते आणि तो दुरुस्त करणारा माणूस शंभर पावलांवर राहतो. ते दर वेळी प्रामाणिकपणे भरले जाते, असे मात्र मी म्हणणार नाही.

साहेब : मी तुम्हाला आणखी एक मोजणी सांगतो, जिच्यावर तुम्हीही बोट ठेवणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा. सत्तरच्या दशकापासून राज्यातल्या ठरावीक विहिरींत वर्षातून चारदा टेप सोडून पातळी मोजतात. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर. चार हजारांच्या आसपास विहिरी. ऑक्टोबरची पातळी गेल्या काही वर्षांच्या सरासरीशी ताडून पुढच्या उन्हाळ्यात कुठल्या तालुक्यात टंचाई येणार ते आधीच सांगतात. टंचाई आराखडा त्यावर उभा राहतो. पन्नास वर्षं कुणी त्या विहिरींवर वाद घातला का?

ताई : का घालतील? भूवैज्ञानिकानं विहीर भरलेली दाखवली तर त्याला बक्षीस नाही, कोरडी दाखवली तर नोटीस नाही. शिवाय तो आकडा त्याच उन्हाळ्यात कामाला येतो. मी हेच म्हणतेय, साहेब. ज्याला आकड्यातून काही मिळायचं-गमवायचं नाही, त्यानं मोजावं, आणि जिथं मोजलं तिथं तो आकडा उपयोगी पडावा. तुमच्या नळाच्या आकड्याचं उलट आहे. रात्री दहाला साइट जरा हलकी होते म्हणून संगणक परिचालक जागून भरतो. सकाळी व्हीसी आहे म्हणून भरतो.

साहेब : मग त्याला माणूसच नको. टाकीवर सेन्सर बसवा. किती वाजता पाणी सुटलं, किती लिटर गेलं, क्लोरीन किती, सगळं आपोआप. परिचालकाला झोपू द्या.

ताई : टाकीतून सुटलं ते सेन्सर सांगेल. शेवटच्या घरात पोचलं का? मधल्या आळीत घरटी टिल्लू पंप लावलेत. ते पाणी ओढून घेतात आणि टोकाच्या वस्तीत नळ नुसता सुसकारे टाकतो. टोकाला कोण राहतं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. सेन्सर बसवायचाच तर शेवटच्या घराच्या नळाला बसवा. आणि वीजबिल थकलं म्हणून योजनेची वीज तुटली, की तुमचा सेन्सर शून्य दाखवेल, का शून्य ते दाखवणार नाही. पाणीपट्टी किती वसूल झाली, बिल किती थकलं, हे गावाच्या पानावर पहिल्या ओळीत हवं. योजना बंद पडायची असते तेव्हा आधी बिल थकतं, नळ नंतर आटतो.

हा मुद्दा साहेबांनी वहीत लिहून घेतला असता. नोकरीत त्यांनी अशा कित्येक योजना हस्तांतरित केल्या, ग्रामपंचायतीच्या सह्या घेतल्या, आणि दोन उन्हाळ्यांनी त्याच गावात टंचाईची बैठक घेतली.

साहेब : शहरांसाठी एक चांगली गोष्ट झाली होती. २००८ मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं सेवेचे मापदंड ठरवले. माणशी १३५ लिटर, चोवीस तास पाणी, मीटर किती, गळती किती. पण खरी खुबी पुढं होती. प्रत्येक आकड्याला विश्वासार्हतेचा दर्जा द्यायचा, अ ते ड. मीटर लावून मोजलं तर अ. अंदाजानं सांगितलं तर ड. म्हणजे एखाद्या नगरपालिकेनं छाती काढून १३५ लिटर लिहिलं आणि गावात एकही मीटर नाही, तर शेजारी ड लागणार. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं २००९ पासून गुजरात आणि महाराष्ट्रातल्या शहरांची माहिती वर्षानुवर्षं अशी गोळा केली आहे.

ताई : हे गावांना का लावत नाहीत?

साहेब : लावायला हवं. नळ आहे, कुणी पाहिला? कंत्राटदारानं पाहिला, ड. ग्रामसभेनं ठराव केला, क. त्रयस्थ माणसानं घरी जाऊन तोटी फिरवली, ब.

ताई : आणि अ?

साहेब : त्यानं मे महिन्यात जाऊन फिरवली तर.

ताई : आता तुम्ही माझ्या वाटेवर आलात! ग्रामसभेचा ठराव मिशननं ठेवलाय, ते चांगलंच केलं. 'हर घर जल'चा दाखला ग्रामसभेतूनच मिळतो, त्याचं चित्रणही वर चढवावं लागतं. गोवा त्यात सगळ्यांच्या पुढं. २०२२ मध्ये तिथल्या ३७८ गावांनी ठराव केले आणि ते पहिलं प्रमाणित राज्य ठरलं. पण ठराव कुठल्या महिन्यात झाला, हे प्रत्येक गावाच्या दाखल्यावर मोठ्या अक्षरात लिहावं. ऑगस्टच्या ग्रामसभेत कुठल्या विहिरीला पाणी नसतं?

साहेब : तुम्हाला ठाऊक आहे का, बाहेरच्या देशांत याहून पुढची युक्ती केलीय. होंडुरास, निकाराग्वा आणि पनामा यांनी २०११ मध्ये मिळून ग्रामीण पाण्याची एक माहिती यंत्रणा काढली. पुढं आणखी देश तिच्यात आले. तिथं गावाला अ ते ड दर्जा देतात. नुसत्या नळाला नाही. पाणी कसं येतं त्याला वेगळे गुण, योजनेच्या बांधकामाला वेगळे, ती चालवणाऱ्या समितीला वेगळे. आणि गावाला तांत्रिक मदत देणारं जे सरकारी कार्यालय असेल, त्यालाही.

ताई : म्हणजे झेडपीलाही गुण?

साहेब : हो.

ताई : तुमच्या काळात तुम्हाला किती पडले असते?

साहेब : तो विषय नको.

इथवर आल्यावर मी त्यांना एक प्रश्न विचारला असता, आणि तो विचारण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. महाराष्ट्रात दर उन्हाळ्यात दोन याद्या एकाच वेळी चालू असतात. एक नळाची. दुसरी टँकरची, ज्यात गाव, वाडी, टँकर आणि खेपा यांचा हिशेब जिल्हाधिकारी कार्यालयात रोज लागतो. पहिल्या यादीत ज्या गावात घरोघर नळ आहे, तेच गाव दुसऱ्या यादीत टँकरची वाट पाहत असते. असे गाव शोधायला लांब जावे लागत नाही. उन्हाळ्यातली वर्तमानपत्रे उघडावीत. दोन्ही याद्या सरकारच्या, दोन्ही आपापल्या जागी खऱ्या. नळ बसलेला असतो आणि टँकरही आलेला असतो. त्या एकमेकींशेजारी ठेवून कुणी वाचत नाही.

साहेब : ते अवघड नाही. प्रत्येक गावाला केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेत एक क्रमांक आहे. दोन्ही याद्यांत तोच क्रमांक टाकायचा. एका दिवसाचं काम.

ताई : मग होत का नाही?

साहेब : दोन खाती आहेत, ताई. नळ पाणीपुरवठ्याचा, टँकर महसूलचा. आणि याद्या जुळल्या तर कुणाचा तरी आकडा कमी होईल.

माझे मत विचाराल तर व्याख्या आणि क्रमांक देशभर एक असावेत, इथे साहेब बरोबर आहेत. त्यावाचून बिहारचा नळ आणि बीडचा नळ एका ओळीत ठेवता येणार नाही. पण मोजणारा कोण आणि कधी, यात ताईंचे म्हणणे खरे आहे, आणि सध्याच्या यंत्रणेची कमजोरी नेमकी तिथे आहे. ज्या कार्यालयाला उद्दिष्ट दिले त्याच्याकडून पूर्ततेचा आकडा घेणे बंद करा, निदान त्याला ड दर्जा द्या. पाहणी मेमध्ये करा, वस्तीच्या शेवटच्या घरापासून सुरू करा. टँकर लागलेल्या गावाचा 'हर घर जल' दाखला त्या वर्षापुरता थांबवा. यातल्या एकाही गोष्टीला नवे सॉफ्टवेअर लागत नाही.

दिल्ली-मुंबई हे करील तेव्हा करील. तोवर वाचकांना एक सांगणे आहे. १ मेला महाराष्ट्र दिनी ग्रामसभा असते, ऐन टंचाईत. जल जीवन मिशनच्या संकेतस्थळावरचे आपल्या गावाचे पान त्याआधी छापून घ्या. ग्रामसभेत ते मोठ्याने वाचायला सांगा आणि शेवटच्या वस्तीतल्या बायकांना विचारा, काल पाणी आले का, किती वेळ आले. त्यांचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा आणि इतिवृत्ताची नक्कल मागून घ्या.